निरगाठ सोडणाऱ्या सिस्टर, तुम्हाला

सिस्टर,

सप्रेम नमस्कार वि. वि.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं सिस्टर. प्रसूतिगृहाचंही नाव घालत नाही. पत्र मात्र उघड लिहितोय. तुम्ही जे दाखवलंत ते आमच्या चार टाळक्यांत ठेवण्यात काय अर्थ? मुंबईत आमच्यासारखे, प्रसूतिगृहांतल्या बाळांसाठी दुपटी-गोधड्या शिवून देणारे हात पुष्कळ आहेत. शिवलेलं नीट पाहणारे डोळे कमी.

तुमच्याकडे येण्याआधीचं दोन वाक्यांत सांगून टाकतो. एका ठिकाणी 'नियमात बसत नाही' म्हणाले. नियम कोणता, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी गोधड्या घेतल्या, फोटो काढला, 'किती गोड!' म्हणाले, आणि पाच महिन्यांनी तेच गाठोडं जिन्याखाली फाटक्या गाद्यांच्या राशीत दिसलं. वरची निरगाठ आमचीच, जशीच्या तशी. नकाराचं वाईट वाटत नाही हो. पण उघडूनसुद्धा पाहू नये?

तुम्ही उघडलंत. ड्युटी बदलायची वेळ, हातात कसलासा तक्ता, आणि तरी कात्री न मागता, नखांनी उकलत ती निरगाठ सोडलीत. चाळीस गोधड्या होत्या. एकेक टेबलावर पसरून तिच्यावरून हात फिरवलात, तोही तळवा नाही, हाताची उलटी बाजू. असं का, ते नंतर वॉर्डात कळलं. बाळाचं पोट आणि पाय तुम्ही तशाच हातानं बघता: दोन्ही ऊबदार तर ठीक, पोट गरम नि पाय गार तर बाळाला थंडी बाधतेय, दोन्ही गार तर धावपळ. त्याच हातानं तुम्ही आमचे टाके तपासत होतात.

सातव्या की आठव्या गोधडीला हात थांबला. मागच्या बाजूला दोऱ्याचं एक सैल वेटोळं होतं, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतकं. तुम्ही त्यात करंगळी घातलीत, गोधडी एकदाच फिरवलीत आणि करंगळी आमच्यासमोर धरलीत. टोक काळंनिळं पडायला लागलं होतं. "बाळाच्या पायाचं बोट याच्या निम्म्यानंसुद्धा नसतं," एवढंच म्हणालात. बाळ रडत राहतं, आई दूध पाजत राहते, आणि गुंडाळलेल्या पायात दोरा रुतत जातो. रक्त थांबतं, बोट सुजतं, मग दोरा सुजेत दिसेनासा होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र, ती. तुम्ही चुका बोलून दाखवल्या नाहीत, कागदावर यादीही केली नाही. खिशातून सुई काढलीत आणि जिथे जिथे खोट होती तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवलात. सतरा गोधड्या ठेवून घेतल्यात. तेवीस परत आल्या, लाल टाक्यांसकट, घडी घालून. शिवणाऱ्या बायकांतल्या कुणालाही चारचौघांत मान खाली घालावी लागली नाही. ज्या हातानं चुकलं, त्याच हाताला आपली चूक सापडली.

त्या तेवीस गोधड्या आम्ही टाका-टाका वाचल्या. निम्म्याहून जास्त खुणा दोऱ्याच्याच होत्या. दोरा लांब घेतला की गुंततो आणि वेटोळं राहतं. म्हणून आता हातभर, अठरा इंचांपेक्षा जास्त कुणी ओवत नाही. एका इंचात चार-पाच टाके, दोन ओळींत इंचभर अंतर. टाका मोठा झाला की बाळाचं नख अडकतं. गाठ वर किंवा खाली मारायची नाही. थरांच्या मधे ओढून घ्यायची आणि संपवताना दोन उलटे टाके. दोरा सुती. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून आम्ही कौतुकानं वापरत होतो, पण जुनं मऊ सूत त्याच्यापुढे कमजोर, ताण पडला की तेच आधी हार खातं. शेवटी दोरा शाबूत राहतो आणि कापड फाटतं. 30 बाय 36 इंचांच्या एका गोधडीला तीस-पस्तीस मीटर दोरा लागतो. रीळ घेताना हा हिशेब डोक्यात नसेल तर शेवटच्या चार ओळींना वेगळाच रंग येतो. (तोही चालतो. बाळाची तक्रार नसते.)

तीन गोधड्यांवरचा लाल टाका अगदी कोपऱ्यात होता. तिथे आम्ही हौसेनं गोंडे लावले होते. एकीला लेस होती, एकीला बारीक टिकल्या. सगळं उसवलं. गोंडा सुटला की आधी तोंडात जातो. आणि एका गोधडीत, सांगायलाही लाज वाटते, टाचणी होती. आता टाचण्या मोजून वीस घ्यायच्या आणि वीस डबीत परत आल्याशिवाय त्या गोधडीची घडी घालायची नाही. शिवाय जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवायचं. मोडलेल्या सुईचं टोक हाताला लागत नाही, चुंबकाला लागतं. त्यासाठी टाचण्या पोलादीच हव्यात. पितळी टाचणीला चुंबक ओळखतही नाही.

हळदी रंगाच्या दोन गोधड्यांवर काहीच खोट दिसेना, तरी लाल टाका होता. त्या तर बारशाला शोभतील म्हणून मुद्दाम केलेल्या. विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, की नवजात बाळाची कावीळ आधी नजरेनंच हेरली जाते, उजेडात, कातडीचा रंग बघून. खाली पिवळं कापड असेल तर नजर फसते. तेव्हापासून पिवळा, केशरी आणि मळकट पांढरा बाद. शुभ रंग घरी, वॉर्डात फिके निळे-हिरवे.

कापडाचं मात्र तुम्ही आम्हाला शिकवावं असं फार नव्हतं, ते इतरांसाठी लिहितो. नवं कापड टाळा. शंभर धुण्यांतून गेलेल्या सुती साडीला जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही. नऊवारी असेल तर सोनं. लांबी 324 इंच, म्हणजे 36 इंचांचे नऊ तुकडे. काष्ट्यानं झिजलेले दोन सोडून द्या, सात राहतात. दोन्ही काठ कापून काढा, ते कडक असतात आणि जर असली तर टोचते. मग साधारण 40 इंच रुंदी उरते: तीसचा तुकडा आणि दहाची पट्टी. अशा तीन पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या की आठवा थर तयार. चार थरांची एक, म्हणजे एका नऊवारीत दोन गोधड्या. पट्ट्यांचा थर नेहमी आत, कडेला कड भिडवून. एकीवर दुसरी चढवली की बाळाच्या पाठीखाली वळ उमटतो. धावदोरा त्या जोडाला आडवा जाऊ द्या. आतले थर चारी बाजूंनी अर्धा इंच कमी ठेवा, नाहीतर कड मुडपताना बोटभर जाड होते. कच्चा टाका मधून बाहेर घाला. कडेकडून मधे आलात की पोटात फुगा राहतो आणि पहिल्याच धुण्यात गोधडी वाकडी होते.

अडचण साड्यांचीच आहे. पूर्वी बोहारीण दारात आली तरच सुती साडी घराबाहेर जायची, तीही पातेल्याच्या बदल्यात. आता लोक उदार मनानं पिशव्या भरभरून देतात आणि आत सगळं सिंथेटिक. ओळखायला एक सूत काढून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि चिमटीत विरणारी राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दादरच्या हिंदमाता भागात किंवा मंगलदास मार्केटात कटपीस घ्यावाच लागला तर मलमल किंवा मांजरपाट घ्या. तो रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापा. कोरं कापड आटतं, जुनं आटत नाही. दोन्ही एकत्र शिवलीत तर गोधडीला सुरकुत्या पडतात. गडद लाल-निळ्याचा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा.

आता डांबरगोळ्यांचं. हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आमच्या हातून काय झालं असतं हा विचार अजून झोपेत येतो. त्या पहिल्या गाठोड्यातली एक गोधडी तुम्ही नाकाशी धरलीत आणि विचारलंत, "कपाटात डांबरगोळ्या?" होत्याच. मुंबईच्या दमट हवेत कोण ठेवत नाही? काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एका विकराची कमतरता असते. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीननं अशा बाळाच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ झपाट्यानं चढते. बाळाकडे बघून आधी काहीच कळत नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेली आजीची कुंची प्रेमानं तशीच बाळाला घालण्याची पद्धत घराघरात आहे. ज्यांच्याकडे बाळंतविडा बांधून ठेवलाय त्यांनी आजच तो सोडून बघावा. आम्ही आता डांबरगोळीच्या कपाटातली साडी घेतच नाही. धुऊन, दोन-तीन उन्हं दाखवून वास गेला तरी मन धजत नाही. अत्तर, धूप, शेगडीची धुरी, सुवासिक साबण, सगळं बंद. गोधडीला वास नसावा, बस्स.

तुमच्या वॉर्डातल्या मावशींचेही आभार मानायचे आहेत. आमच्या पहिल्या सतरा गोधड्यांतल्या दोन जाड होत्या, आत कृत्रिम कापूस. मावशी म्हणाल्या, "या जुलैत तीन दिवस वाळणार नाहीत, आणि एकदा लॉन्ड्रीत गेल्या की आत गोळे होणार." तसंच झालं. रुग्णालयाचं कापड गरम पाण्यात धुवायचं असतं, किमान 71 अंश सेल्सिअसला 25 मिनिटं हा मानलेला दंडक आहे. त्याला पुरून उरतं ते सूत, आणि तेही पातळ थरांचं. चारपेक्षा जास्त थर नकोत. पावसाळ्यात दोरीवर कोरडी वाटली तरी मधला थर ओला असतो. दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग बांधायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नाही, आठवड्यात कुबट वास येतो.

मापही तुम्हीच बदलायला लावलंत. आमची 24 बाय 24 ची दुपटी दिसायला छान, पण तुमच्याकडची अडीच किलोच्या आतली बाळं बराच वेळ आईच्या छातीवर असतात. कांगारू पद्धत. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या म्हणून सुरू झालेली. बाळाला टोपडं, लंगोट, पायमोजे एवढंच, बाकी कातडीला कातडी. तिथे दुपटं बाळापुरतं असून चालत नाही, आईच्या खांद्यांनाही पुरायला हवं. म्हणून आता 36 बाय 40, दोनच थर, वजनाला हलकं, तोंड उघडं राहील असं. आणि प्रत्येक आईला तुम्ही स्वतः सांगता ते आम्ही इथेही लिहितो: घरी गेल्यावर पाळण्यात झोपलेल्या बाळावर गोधडी पांघरू नका. मांडीवर घ्या, जागं असताना खाली पसरा, बाहेर जाताना गुंडाळा. झोपेत तोंडावर आली तर ते तान्हं बाजूला सारू शकत नाही. मुंबईच्या मे महिन्यात तर गोधडी दिली हेच पुष्कळ, घालायची गरज नसते.

एक कौतुक सांगायचं राहिलं. तुमच्याकडच्या बंगालच्या आईनं गोधडी हातात घेऊन 'कांथा' म्हटलं, उत्तरेकडच्या एकीनं 'गुदडी'. आणि कुणीच 'हे जुनं आहे' म्हणालं नाही. जुनं लुगडं मऊ म्हणून तान्ह्याला, हे सगळ्यांच्याच आयांना ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते तुमच्याआधी आम्हाला भेटलेल्या साहेबांना, ज्यांना 'दुकानातलं, पॅकबंद' हवं होतं.

माणसं वाईट नसतात, घाईत असतात, असं तुम्ही म्हणालात. असेल. पण घाई तुम्हालाही होती. वॉर्ड भरलेला, दोन जणी रजेवर. तरी तुम्ही करंगळी दोऱ्यात घातलीत. लिफ्टवाल्या काकांनी गाठोडं जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवलं, तेही असंच. अशा माणसांचे कुणी फोटो काढत नाही, आणि काढायला गेलं तर ती सरकून बाजूला होतात.

लाल टाक्याची पद्धत आम्ही उचलली आहे. शिवणारी एक, तपासणारी दुसरी. तपासणारीला खोट दिसली की लाल टाका, बोलायचं नाही. मागच्या खेपेला बाविसातल्या चार परत आल्या, त्याआधी नऊ.

पुढचं गाठोडं गुरुवारी पाठवतोय. चोवीस आहेत: दहा छातीवरच्या बाळांसाठी, चौदा घरी न्यायच्या. वर सुरगाठ मारली आहे, एका ओढीत सुटते.

आपल्या,
गोधडीवाल्या