वेंगुर्ल्याहून परतल्यावर लेकीस पत्र

सोलापूर,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

चि. सुवर्णास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पहाटे सुखरूप पोचलो. सांगोला सोडल्यावर खिडकीतून तोच ओळखीचा गरम वारा आला आणि आठ दिवस अंगाला चिकटलेला घाम तासाभरात वाळला. तू पेंढ्यात घालून दिलेले आंबे चांगले आले, दोनच डागाळले. काजूची पिशवी आईनं उघडून शेजारी वाटलीसुद्धा.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू लगेच "बरं अप्पा" म्हणतेस आणि विषय संपतो. म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात मीच तुला म्हणालो होतो, वेंगुर्ला नगरपरिषदेच्या पाणी खात्यातून बदलीचा अर्ज टाक, पंढरपूर, बार्शी, मिळेल ते घे, घराजवळ ये. तो अर्ज मी तुझ्या टेबलावर पाहिला. सगळा लिहून झालाय, सही तेवढी राहिलीय. ती करू नकोस. निदान हा पावसाळा संपेपर्यंत तरी करू नकोस. माझंच सांगणं मी मागं घेतोय, तेव्हा त्याची कारणंही मलाच सांगायला हवीत.

तू पहिल्या दिवशी म्हणालीस, "अप्पा, सगळं गाव बारा हजारांचं. आपल्याकडं एका पाण्याच्या टाकीवर एवढी माणसं असतात." खरं आहे. सोलापूर 2011 च्या जनगणनेतच साडेनऊ लाखांचं होतं. पण तू कार्यालयात गेलीस की मी दिवसभर पायी हिंडत होतो. बंदरावर बसायचो, बाजारात बसायचो, कुणी बोललं तर ऐकायचो. मला ते गाव लहान वाटेना.

डच वखार पाहिलीस का तू? सहा महिने झाले, पाहिली नसशील. मी गेलो. भिंती उभ्या आहेत, आतून झाडं वर आलीत. 1637 च्या सुमारास डचांनी विजापूरच्या दरबारी वकील पाठवून वेंगुर्ल्यात बसायची परवानगी मिळवली. पोर्तुगीजांचा गोवा खाली हाकेच्या अंतरावर, त्यांच्या जहाजांवर नजर ठेवायला ही जागा सोयीची. विजापूर म्हणजे आपल्याला शेजारचं गाव, गोलघुमट बघायला तुला शाळेत असताना नेलं होतं. आपला भुईकोट किल्लाही त्या काळी त्याच आदिलशाहीत होता. म्हणजे तुझ्या वेंगुर्ल्याचा आणि आपला धनी एकच होता गं, वाडवडिलांच्या काळात. पुढं वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडं गेलं आणि 1812 साली इंग्रजांनी ते स्वतःकडं घेतलं.

पण माझ्या मनात घर करून बसली ती यापुढची गोष्ट. बेळगावात इंग्रजांची छावणी होती. तिचा सगळा माल मुंबईहून जहाजानं वेंगुर्ला बंदरात उतरायचा आणि तिथून बैलगाड्यांनी घाट चढून वर जायचा. वरचा कापूस, धान्य त्याच वाटेनं खाली. त्यावर गाव भरलं, पेठ वाढली, नगरपालिका आली. मग 1880 नंतरच्या दहा वर्षांत रेल्वे घाटातून मुरगाव बंदराला जाऊन भिडली. बेळगावचा माल गाडीत बसला. बैलगाड्या थांबल्या आणि जहाजंही कमी झाली. नंतर मुंबईची आगबोट राहिली होती, प्रवाशांची. तीही काळानं बंद पडली. बंदरावर एक आजोबा सांगत होते, लहानपणी आगबोट दिसली की पोरं धावत सुटायची, कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी काका मुंबईहून यायचा. आणि पुढं कोकण रेल्वे आली, तर तीही कुडाळ-सावंतवाडीकडून गेली, वेंगुर्ल्याला शिवली नाही.

हे ऐकताना मला आपलं सोलापूर दिसत होतं. आपल्याकडं 1860 साली रेल्वे आली, म्हणून 1877 साली पहिली गिरणी आली. ज्या रेल्वेनं त्यांचं बंदर ओस पाडलं, तिनंच आपलं शहर वसवलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, मराठी-कानडी-तेलुगू एका चाळीत नांदली. आणि मग आपल्या गिरण्याही गेल्या. तुझे आजोबा साच्यावर होते ती गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं वय बावन्न. भोंगा वाजायचा बंद झाल्यावरही ते वर्षभर पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे. आजी काही न बोलता चहा ठेवायची. तू तेव्हा जन्मलेली नव्हतीस. पोटापाण्याचा धंदा गावातून उठून जातो म्हणजे काय होतं, हे मी घरात पाहिलंय. म्हणून मी त्या आजोबांना विचारलं, मग तुम्ही काय केलंत? ते हसून म्हणाले, "काय करतलंव? ऱ्हवलंव."

राहिले म्हणजे नुसते बसून राहिले नाहीत. काजूच बघ. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड, पण वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात त्याच्या ज्या जाती निघाल्या त्या साऱ्या देशात गावाच्या नावानं ओळखल्या जातात, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा तिथंच काढला, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू', ज्याची कोय अगदी पातळ. बंदर गेलेल्या गावानं जांभ्या दगडाच्या कातळावर झाडं उभी केली. आपण सोलापुरी चादर म्हणतो तसं तिकडं कलम विकणारा 'वेंगुर्ला सात' म्हणतो. तेवढ्याच अभिमानानं.

आणि तुमच्याच नगरपरिषदेचं ते कचऱ्याचं काम. मी मुद्दाम रिक्षा करून परबवाड्याला गेलो. तुला माहीत आहे, मी तीस वर्षं महापालिकेत पाण्याच्या चाव्या फिरवल्या, पण आमचं आणि आरोग्य खात्याचं उठणं-बसणं एकत्रच. कचरा डेपो म्हटला की लांबूनच नाकाला रुमाल, हे अंगवळणी पडलेलं. तिथं मी रुमाल काढलाच नाही. 2015 नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी ते काम उभं केलं. घरातच कचरा वेगळा करायचा, ओला निराळा, प्लास्टिक निराळं, काच निराळी. ओल्याचा गॅस, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात, झाडांच्या पाल्याचा कांडी कोळसा. हे सगळं मोठ्या यंत्रानं झालं असं तिथले कामगार म्हणत नाहीत. ते म्हणतात, घरोघर जाऊन सांगितलं. न वेगळा केलेला कचरा उचलायचाच नाही, हे ठामपणे पाळलं. बारा हजारांच्या गावात हे जमतं, कारण कचरा घेणाऱ्याला प्रत्येक घरातली वहिनी नावानं माहीत असते. तू ज्याला लहानपणा म्हणतेस ना, ती तुझ्या हातातली सोय आहे.

आता तुझ्या खात्याविषयी. पाण्याबद्दल मी जरा जास्त लिहीन, चालवून घे. आपल्याकडं वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही देईल तेव्हा. तिकडं त्याच्या पाचपट तरी. आणि तरीही मे महिन्यात विहिरींचा तळ दिसत होता. पहिले दोन दिवस मला हे उलगडेना. मग जांभ्याची खाण पाहिली. तो दगड मधाच्या पोळ्यासारखा. पाणी मुरतं खरं, पण उतारानं समुद्राकडं निघून जातं. आणि किनाऱ्याजवळ विहीर जास्त उपसली की खारं पाणी आत शिरतं. म्हणून निशाण तलावाचं पाणी मेअखेरपर्यंत पुरवायचं म्हणजे काय कसरत असेल ते मला कळतं. आपल्याकडं त्रास मातीचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाइपाचे सांधे खिळखिळे होतात. तुमच्याकडं खारा वारा लोखंड खातो. मी चार व्हॉल्व्हचे चेंबर उघडून पाहिले (तुझा फिटर बरोबर होता, त्याला रागावू नकोस), त्यातल्या दोन चाव्यांचे आटे पार गंजलेत. पावसाआधी ग्रीस लावून घे. वर्षातून दोनदा प्रत्येक चावी पूर्ण फिरवायचीच, गरज असो नसो. न फिरवलेली चावी ऐन वेळी फिरत नाही.

आणि नकाशावर विसंबू नकोस. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या म्हाताऱ्या चावीवाल्यानं मला महिनाभर नुसतं चालवलं. कुठली गल्ली उंचावर, कुठं पाणी शेवटी पोचतं, कुठल्या घरात आजारी माणूस आहे. पुस्तकी ज्ञान तुझं माझ्यापेक्षा शंभर पट आहे. पण जुनी लाइन कुठून गेलीय हे तुझ्या त्या फिटरच्या डोक्यात आहे, आणि तो दोन वर्षांत निवृत्त होतोय. त्याच्याबरोबर चाल, वहीत उतरवून घे.

एक संध्याकाळ तुला सांगायची राहिली. तू बैठकीला गेली होतीस. किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीनं जाळं लांबवर टाकून आणलेलं, दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडं पंधरा-वीस माणसं. मी बघत उभा होतो, तर एकानं नुसती मान हलवून मला बोलावलं. मी चप्पल काढली आणि दोराला हात लावला. अर्धा तास ओढलं, तळहात सोलले. जाळ्यात फार काही नव्हतं, तारली आणि थोडे बांगडे. मोठ्या यांत्रिक बोटींनी खोल पाण्यातच मासळी उचलल्यावर किनाऱ्याला येणार काय, असं ते म्हणाले. तरी वाटे पडले, आणि हात लावला म्हणून मलाही पाच बांगडे दिले. मी माळकरी माणूस. नको म्हणालो तर त्यांना वाईट वाटलं. ते मी तुझ्या घरमालकिणीला दिले. सिद्धरामेश्वरांनी आपला तलाव असाच माणसांच्या हातांनी खणून घेतला असं लहानपणापासून ऐकत आलोय. दोर ओढताना ते आठवलं.

अजून एक. शिरोड्याला तू मला नेलंस, मिठागरं दाखवलीस, 1930 च्या मे महिन्यात तिथं मिठाचा सत्याग्रह झाला हे सांगितलंस. त्याच मे महिन्यात इकडं सोलापुरात मार्शल लॉ पुकारला होता. त्याआधी एप्रिलमध्ये आपल्या नगरपालिकेनं इमारतीवर तिरंगा चढवला होता. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांसमोरून कामावर जाताना मी रोज हात जोडायचो. शिरोड्यात मिठागराच्या बांधावर उभा होतो तेव्हा आपोआप हात जोडले गेले, तू पाहिलंस. तिकडं पाठीवर लाठ्या बसत होत्या आणि इकडं गोळ्या, एकाच महिन्यात. मग ते गाव परकं कसं म्हणायचं?

तू एकटी आहेस, याचं आईला वाटतं. मलाही वाटतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती दोनदा फोनकडं बघते. तुला तिथं ज्वारीची भाकरी मिळत नाही, पावसात कपडे वाळत नाहीत, हे सगळं मी मोजलं. तरीही लिहितोय. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मात्र रजा काढून ये, नंदीध्वज चुकवू नकोस.

उद्या पार्सल टाकतोय. त्यात कडक भाकरी, शेंगा चटणी दोन पुडे (एक त्या फिटरला दे), आणि दोन चादरी. एक तुला, एक घरमालकिणीला.

एक जूनपासून बोटी किनाऱ्याला लागतील, दोन महिने मासेमारी बंद. बंदराजवळच्या शेवटच्या घरातल्या आजींकडं तेव्हा सगळी माणसं घरी असणार, पाणी जास्त लागेल. त्यांच्या नळाला पाणी उशिरा येतं ते दाब कमी म्हणून नाही, लाइनीत हवा अडकतेय. चढावर जिथं वळण आहे तिथं एअर व्हॉल्व्ह बसवून बघ. पाणी किती वाजता आलं ते कळव.

तुझा,
अप्पा