पक्षाघातानंतर घरी परतलेल्या रुग्णाची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाघाताची लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे, कारण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, ही माहिती वृत्तपत्रांमुळे पुष्कळांपर्यंत पोहोचली आहे आणि ते मोलाचे काम आहे. मात्र जीव वाचल्यावर, अर्धे अंग लुळे पडलेला किंवा वाचा गेलेला माणूस घरी येतो तेव्हा पुढे काय, याविषयी फारसे लिहिले जात नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा रुग्णांच्या घरी जाणे हे माझे रोजचे काम असल्याने हे पत्र लिहीत आहे.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी व पुढच्या तपासणीची तारीख असते आणि शेवटी ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ अशी एक ओळ असते. ती कोणी द्यायची, कोठे आणि किती दिवस, हे बहुधा लिहिलेले नसते. दुबळ्या बाजूचा हात धरून रुग्णाला ओढून उठवले तर खांद्याचा सांधा सुटून दीर्घकाळचे दुखणे मागे लागू शकते. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका असतो. हे सारे घरच्यांना रुग्णालयातच प्रत्यक्ष करून दाखवायला हवे. अनेक घरांत मी पहिल्यांदा जाते तेव्हा खांदा आधीच दुखावलेला असतो, आणि त्यात घरच्यांचा काहीही दोष नसतो.

मेंदूचे शाबूत भाग सरावाने निकामी झालेल्या भागाचे काही काम उचलतात. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते आणि नेमके हेच आठवडे कुटुंबाचे शोधाशोधीत जातात. पुढे वेग मंदावतो, परंतु सुधारणा थांबत नाही. म्हणून ‘आता यापेक्षा काही होणार नाही’ असे लवकर सांगून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

वाचाघात झालेल्यांची स्थिती तर अधिक बिकट असते. शब्द सापडत नसला तरी समज, आठवणी आणि स्वतःचे मत बऱ्याच अंशी शाबूत असू शकते. तरीही त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी ते तेथे नसल्यासारखे बोलले जाते, भेटायला आलेले लोक उगाच आवाज चढवतात आणि हळूहळू येईनासे होतात. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. त्यावर उपचार आहेत, परंतु ‘व्यायामाचा कंटाळा करतात’ असे म्हणून ते दुर्लक्षिले जाते.

घरच्यांनाच शिकवले की पुरे, असे काहींचे म्हणणे आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: कुटुंबीयांना प्रशिक्षण दिल्याने सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाच्या प्रमाणात फरक पडला नाही. कुटुंबाला शिकवणे आवश्यकच आहे, पण तज्ज्ञांची जागा त्याने भरून निघत नाही. याउलट, ज्या रुग्णांचे अपंगत्व सौम्य किंवा मध्यम आहे, त्यांना लवकर घरी पाठवून डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ व परिचारिका यांच्या पथकाने घरीच एकत्रित उपचार दिले, तर अधिक रुग्ण स्वावलंबी होतात, असे परदेशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे.

म्हणून माझी मागणी अशी की, घरी पाठवतानाच एका जबाबदार व्यक्तीचे नाव व फोन क्रमांक कुटुंबाच्या हाती असावा. तिने पहिल्याच आठवड्यात घरी यावे, रक्तदाबाची औषधे नियमित चालू आहेत ना हे पाहावे, कारण पुन्हा झटका येण्याची भीती असतेच, आणि सहा महिन्यांनी सर्व गरजांचा नव्याने आढावा घ्यावा. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या व्यक्तीला, जी बहुधा पत्नी किंवा सून असते, आठवड्यातून काही तासांची सुटी मिळण्याची सोयही त्यातच धरलेली असावी.

येत्या २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनी आपल्या वृत्तपत्राने लक्षणांच्या माहितीबरोबरच पुनर्वसन केंद्रांचे व रुग्णांच्या मदतगटांचे पत्तेही छापावेत, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट