स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या मेस्त्रींना

सप्रेम नमस्कार,

वायर दुरुस्त केलीत त्याचे पैसे तुम्ही घेतलेत, मी दिले, तो व्यवहार तिथेच संपला. हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही हात झटकाल, माहीत आहे. तरीही वाचा.

डॅशबोर्डवर दोन कंसांच्या मध्ये विजेचं चिन्ह असलेला तो दिवा लागला की गाडीतला जीवच जातो. पेडल पार तळापर्यंत दाबलं तरी रेस मिळत नाही, गाडी रांगायला लागते आणि मागचे हॉर्नवरचा हात काढत नाहीत. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा चालू करावी, तर काहीच घडलं नसल्यासारखी पळते. कधी पुन्हा दगा देईल याचा नेम नाही. ओव्हरटेक करताना पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते मला त्या दिव्याने शिकवलं.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे जिथे गेले, तिथल्या लोकांविषयी बोलू नये असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. एकाने कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, उडवला, दिवा गेला, ‘झालं काम’. दिवा विझवणं हेच काम असतं तर बल्ब काढूनही भागलं असतं! दुसरीकडे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर तो आल्याआल्या थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणारा भाग, बदलायचं फर्मान निघालं. नवीन बसवली, आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा, तोच कोड. परत गेले तर म्हणे, आता पेडलचा सेन्सर बदलून बघू. ‘बदलून बघू’ म्हणजे माझ्या पैशाने बघू! मी काही विचारायला गेले की ‘मॅडम, हे टेक्निकल आहे’.

तुम्ही बॉनेट उघडायच्याही आधी विचारलंत, ‘दिवा गाडी गरम झाल्यावर लागतो का खड्ड्यात आदळल्यावर?’ तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, खराब रस्त्यावर जास्त. तुम्ही नुसते ‘हं’ म्हणालात.

मग स्कॅनर लावलात आणि त्याची स्क्रीन माझ्याकडे वळवलीत.

बस, एवढंच. पत्र त्यासाठी आहे. इंजिन बंद, चावी चालू, मला सीटवर बसवून म्हणालात, ‘ताई, पेडल हळूहळू दाबा आणि हे दोन आकडे बघा.’ थ्रॉटलच्या झडपेवर पोझिशन सांगणारे दोन सेन्सर असतात, हे मला तेव्हा कळलं. एकाचे व्होल्ट वर चढतात तसे दुसऱ्याचे उतरतात, आणि माझ्या गाडीत दोघांची बेरीज कायम ५च्या आसपास राहायला हवी. पेडलपासून झडपेपर्यंत आता केबल नसते, सगळा कारभार विजेच्या इशाऱ्यांवर. म्हणून एकाला दोन साक्षीदार. दोघांची साक्ष जुळली नाही की कॉम्प्युटर कोणावरच विश्वास ठेवत नाही, झडपेच्या मोटरचा पुरवठा तोडतो आणि स्प्रिंग झडप जेमतेम उघडी धरून ठेवते. गाडी रांगते ती त्यामुळे. म्हणजे गाडी मला छळत नव्हती, सांभाळत होती. किती सोपं होतं हे सांगणं! इतक्या दिवसांत कोणाला जमलं नाही.

माझा पाय पेडलवर, आकडे शहाण्यासारखे वरखाली होत होते. तुम्ही बॉनेटखाली हात घालून वायरिंग हलवायला लागलात. एका ठिकाणी हात गेला आणि दुसरा आकडा दाणकन शून्याजवळ आपटला. मी ओरडलेच, ‘पडला!’ तुम्ही बॉनेटआडून म्हणालात, ‘सापडला.’ नंतर टॉर्च धरून दाखवलंत, इंजिनाजवळच्या लोखंडी पट्टीवर घासून घासून वायरचं वरचं आवरण गेलेलं, आतलं तांबं हिरवट पडलेलं, त्यातल्या दोनतीनच तारा धड. आदळआपट झाली की त्याही साथ सोडायच्या.

‘पी २१३५ म्हणजे दोन सेन्सरचं जुळत नाही, एवढंच,’ तुम्ही म्हणालात. ‘सेन्सर खराब, का वायर, का कनेक्टरची पिन, ते आपण शोधायचं. कोड पत्ता देतो, चोर देत नाही.’ आधी काढून टाकलेली थ्रॉटल बॉडी बहुतेक ठणठणीत होती, हेही तुम्ही सांगितलंत, पण ज्यांनी काढली त्यांना एक शब्दही वाकडा बोलला नाहीत. तेवढा मोठेपणा माझ्याकडे नाही, ते वर दिसलंच असेल.

वायर जोडून, पट्टीपासून लांब बांधून, तुम्ही कोड पुसलात तोही मला दाखवून. सरळ माणसाला लपवायला काही नसतं, त्यामुळे त्याला स्क्रीन फिरवायला जड जात नाही. कसब अनेकांकडे असेल. समोरच्याला समजेल असं धरून चालणारे मात्र विरळा. डॉक्टर असो, वकील असो, मेस्त्री असो, आपल्या अडचणीत आपल्यालाच बाहेर बसवून ठेवणारे इतके भेटतात की कोणी ‘या, बघा’ म्हटलं की भरून येतं. मला आलं. तुम्ही हात पुसत होतात, तुमच्या लक्षात आलं नसावं.

झडपेवर काजळी धरायला लागली की साफ करून घ्या, म्हणाला होतात. त्यासाठी येणारच आहे. बरोबर भावाचीही गाडी आणते. त्याच्या डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलाय, आणि कोणीतरी त्याला ऑक्सिजन सेन्सर बदलून बघायला सांगितलंय.

तुमची,
पेडलवर पाय ठेवून बसलेली ताई