क्लचचा आवाज प्लेट बदलून जात नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मोटरसायकल गॅरेजमध्ये नेऊन ‘क्लचमधून आवाज येतोय’ असे सांगितले, की बहुतेक ठिकाणी उपाय आधीच ठरलेला असतो: क्लच प्लेटचा नवा सेट. पैसे जातात, चार दिवस ऐकणाऱ्याला बरे वाटते आणि आवाज होता तिथेच असतो. मग ‘आता इंजिन खोलावे लागेल’ हे दुसरे वाक्य येते आणि अनेक जण त्या टप्प्यावर चांगली गाडी कवडीमोलाने विकून टाकतात. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून लोक बुलेट, आरएक्स १००, येझदी, जुनी स्प्लेंडर जिवापाड सांभाळतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मिस्त्रींसाठीही, हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

झिजलेली क्लच प्लेट आवाज करत नाही. ती घसरते: रेस वाढते, इंजिन ओरडते, पण गाडी चढावर ओढत नाही. वाकलेली किंवा एकमेकींना चिकटलेली स्टील प्लेट क्लच नीट सोडू देत नाही: उभ्या गाडीत न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी पुढे झेपावते. खडखड, घरघर, चिरचिर या तक्रारी बहुतेक वेळा प्लेटांच्या आजूबाजूच्या भागांच्या असतात. हाउसिंगचे (इंजिनाने फिरणाऱ्या, प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याचे) बुश, म्हणजे आतली धातूची नळी, किंवा बेअरिंग, हाउसिंगच्या मागचे स्प्रिंग, प्लेटांचे कान (कडेचे दाते) जिथे बसतात त्या खाचा, लिव्हर दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि पुशरॉड, मधल्या हबचा (गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या भागाचा) नट, आणि चेनवाल्या गाड्यांत इंजिनाकडून क्लच फिरवणारी प्रायमरी चेन. यांतला नेमका कोणता भाग, हे कव्हर न उघडता बऱ्याच अंशी कळते. त्यासाठी क्लचचा लिव्हर दाबल्यावर आत काय फिरते आणि काय थांबते एवढे डोक्यात पक्के हवे.

इंजिन चालू आहे, गाडी न्यूट्रलमध्ये आहे, लिव्हर सोडलेला आहे. अशा वेळी हाउसिंग, प्लेटा, हब आणि गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट एकत्र, एकाच गतीने फिरतात. हाउसिंग आणि शाफ्ट यांच्यात फरकच नसल्याने हाउसिंगच्या बुशवर घासण्याचे काम पडत नाही. ते कितीही झिजलेले असले तरी बहुधा गप्प राहते. मेन शाफ्टची बेअरिंगे मात्र फिरत असतात आणि रिकामे गिअरही. लिव्हर पूर्ण दाबला की हब थांबतो, शाफ्ट थांबतो, आणि हाउसिंग एकटे त्या थांबलेल्या शाफ्टभोवती फिरत राहते. आता बुश बोलू लागते.

गाडी चार-पाच किलोमीटर चालवून तेल गरम करा. थंड तेल प्लेटांना चिकटवून ठेवते, हब पुरता थांबत नाही आणि चाचणी फसते. मेन स्टँड लावा, न्यूट्रलमध्ये आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) कंपनीने सांगितल्याइतके ठेवा. जुन्या १०० सीसी होंडा इंजिनात ते साधारण १४०० आरपीएम असते. पेट्रोल वाचवण्यासाठी आयडलिंग फार खाली आणलेल्या गाड्या खूप आहेत. तेवढ्या मंद गतीला इंजिनाचा प्रत्येक ठोका सुटा पडतो, हाउसिंग पुढे-मागे आदळते आणि धडधाकट क्लचही खडखडतो. आयडलिंगचा स्क्रू थोडा फिरवून आवाज गेला, तर पाना खाली ठेवा.

आवाज राहिला, तर लिव्हर अगदी सावकाश ओढा आणि आवाज नेमका कुठे बदलतो तिकडे कान ठेवा. लिव्हरची मोकळीक संपून ताण सुरू झाला आणि त्याच क्षणी बारीक घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर रिलीज बेअरिंगवर किंवा पुशरॉडच्या कोरड्या टोकावर संशय घ्या. इथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. बहुतेक गाड्यांत प्रेशर प्लेट हबबरोबर फिरते. म्हणून रिलीज बेअरिंगचा आवाज अर्ध्या दाबाला सर्वांत स्पष्ट येतो आणि लिव्हर पूर्ण दाबल्यावर, हब थांबला की, कमी होतो. अर्ध्या दाबाचा आवाज आणि पूर्ण दाबाचा आवाज वेगवेगळे ऐकले नाहीत, तर रिलीज बेअरिंग आणि हाउसिंगचे बुश यांची हमखास गल्लत होते. एक काही रुपयांची वस्तू, दुसरे मोठे काम.

बुशची खात्री करायची तर लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि मागचा ब्रेक धरून ठेवा. आता शाफ्ट हलूच शकत नाही. हळूच रेस द्या. घरघर रेसबरोबर वाढली, तर हाउसिंगचे बुश किंवा बेअरिंग गेले आहे. ही चाचणी मेन स्टँडवर, पुढे कोणी उभे नसताना आणि काही सेकंदच करायची. जास्त वेळ धरली तर प्लेटा तापतात.

याच्या उलट, लिव्हर सोडलेला असताना घरघर आहे आणि पूर्ण दाबल्यावर ती पूर्ण थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या मेन शाफ्ट बेअरिंगकडे किंवा रिकाम्या गिअरच्या खेळाकडे जातो. ‘लिव्हर दाबला की आवाज जातो, म्हणजे क्लचच खराब’ हा तर्क गॅरेजमध्ये रोज ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे, कारण लिव्हर दाबल्याने क्लच नव्हे, गिअरबॉक्स थांबतो.

आणि लिव्हरने आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर क्लच सोडून इतरत्र पाहा: प्रायमरी गिअर, क्रँकचा नट, टायमिंग चेन, मॅग्नेटची बाजू. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कव्हरवर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवून क्लच कव्हर, हेड आणि मॅग्नेट कव्हर अशी तिन्ही ठिकाणे ऐकली, तर बाजू तरी ठरते. सैल कपडे आणि हात फिरत्या भागांपासून दूर ठेवा.

इंजिन बंद असतानाच लिव्हर ओढल्यावर चिरचिर होत असेल, तर ती क्लच वायर आहे किंवा कव्हरवरच्या आर्मचा कोरडा स्पिंडल. तेलाचे दोन थेंब आणि वायर नीट वळवून बसवणे एवढेच काम.

आता बुलेट. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या ३५० मध्ये क्लच डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असतो. इंजिनाकडून त्याला दुहेरी प्रायमरी चेन फिरवते, आणि त्याच केसमध्ये अल्टरनेटरही असतो. म्हणजे तिथे आवाजाचे तीन उगम एका झाकणाखाली आहेत, आणि तिन्हींचा दोष क्लचच्या माथी मारला जातो. चेन सैल असेल तर रेस सोडताना आणि घेताना डाव्या बाजूने खळखळ येते. आयडलिंगलाही ठराविक तालात फटका ऐकू येतो. तपासणीची बूच काढून चेन बोटाने वर-खाली हलवा. सर्वांत घट्ट जागी साधारण ६ मिमी, म्हणजे पाव इंच खेळ हवा. ‘सर्वांत घट्ट जागी’ हे महत्त्वाचे. चेन एकसारखी झिजत नाही, म्हणून किक हळूहळू दाबत तीन-चार ठिकाणी मोजावे लागते. सैल जागी मोजून ताणलेली चेन घट्ट जागी तारेसारखी ताठ होते, करकरते आणि क्रँकच्या व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते. घट्ट आणि सैल जागांतला फरक फार असेल तर ताणत बसू नका, चेन बदला.

चेनकेसचे बाहेरचे कव्हर मधल्या एकाच नटवर बसते, कडेला रबरी सील असते. गळती दिसली की काही जण तो नट आणखी आवळतात. त्याने कव्हर वाकते आणि गळती वाढते. सील बदलावे. तेल कमी झाल्यानेच चेन आणि क्लच दोन्ही खडखडतात, तेव्हा पहिली तपासणी तेलाच्या पातळीची. या केसचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते. ‘इंजिनात तेल भरले आहे’ म्हणजे चेनकेसमध्ये आहे असे नाही. कव्हर उघडल्यावर अल्टरनेटरच्या रोटरवर आणि स्टेटरच्या आतल्या कडेवर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसतो का पाहा. दिसला तर स्टेटर मध्यावर बसलेला नाही किंवा क्रँकच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे. चारही बाजूंनी साधारण ०.२ मिमीचे फीलर गेज (फट मोजायचे पातळ पाते) मोकळेपणाने फिरले पाहिजे. हा घासण्याचा आवाज क्लचचा म्हणून प्लेट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

येझदीतही प्रायमरी चेन डाव्या कव्हरात असते, पण तिथे आणखी एक भानगड आहे: गिअर लिव्हर दाबतानाच क्लच आपोआप सुटतो. ती जुळणी बिघडली की गिअर टाकताना कटकट येते, आणि मालक क्लचचे सगळे सुटे भाग आणून बसतो. आधी जुळणी करा. आरएक्स १०० मध्ये चेन नाही, प्रायमरी गिअर आहेत. दोन-स्ट्रोक असल्याने गिअरबॉक्सचे तेल पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी (2T) ऑइलपासून वेगळे असते आणि तेच बदलायचे विसरले जाते.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात असतात. तिथे मोटारीचे तेल कधीही घालू नये. इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये त्यांतल्या अनेक तेलांत असतात, आणि ओल्या क्लचला घर्षणच हवे असते. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) किंवा ‘एमए२’ अशी, ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी खूण पाहून घ्या. ‘एमबी’ घेऊ नका, ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते.

कव्हर उघडावेच लागले तर आधी काढलेले तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घेऊन उजेडात पाहा. पिवळसर चमचमती भुकटी म्हणजे पितळी बुश. लोहचुंबकाला चिकटणारे कपचे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. काळसर मऊ गाळ म्हणजे प्लेटांचे अस्तर. मग हाउसिंग दोन्ही हातांनी धरून तिरके हलवा. आत-बाहेर किंचित सरकणे चालते, पण डुलणे चालत नाही. गिअर एका हाताने घट्ट धरून हाउसिंग पुढे-मागे पिळा. मागचे स्प्रिंग बोटाने गरगर फिरत असतील किंवा रिव्हेट सैल असतील, तर आयडलिंगचा खडखडाट तिथून आहे आणि रेस दिल्यावर तो कमी होतो. अशा वेळी हाउसिंगच बदलायचे. रिव्हेटवर वेल्डिंगचा टाका मारून देणारे भेटतात. त्याने तोल बिघडतो आणि तुटलेला तुकडा थेट गिअरमध्ये जाऊ शकतो.

हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडलेल्या असतात. नखाला जेमतेम लागणारी खाच सपाट कानशीने, सगळ्या बोटांवर सारखीच, साफ करता येते. अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेली तर कानस मारत बसू नका. तेवढे घासले की प्लेटांचे कान आणखी मोकळे होतात आणि जो आवाज घालवायचा होता तोच वाढतो. इथेच प्लेट बदलण्याचा गैरसमज पक्का होतो, कारण नव्या प्लेटचे नवे कान काही दिवस खाचेत जरा घट्ट बसतात.

स्टील प्लेटा जाड काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज घाला; ०.२ मिमीचे पाते शिरले तर ती वाकली आहे. स्प्रिंगांची लांबी मॅन्युअलशी ताडून पाहा आणि बदलायचे तर सगळे एकदम. हबचा नट सैल सापडला, तर लॉक वॉशर नवीनच हवा. नट नुसता ठोकून आवळणे धोक्याचे आहे, तो टॉर्क पान्यानेच आवळावा. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी गाडीच्याच तेलात काही तास बुडवून ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळा; ॲल्युमिनियमचे आटे आणि खांब जोराने तुटतात. शेवटी लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळीक ठेवा. मोकळीक नसेल तर नवे रिलीज बेअरिंग सतत भाराखाली फिरून लवकर जाते. बुलेटमध्ये वायरने ही मोकळीक आणण्याआधी गिअरबॉक्सच्या बाजूने पुशरॉडला किंचित खेळ दिलेला असला पाहिजे.

मालकांना विनंती: गाडी देताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नका. थंड की गरम, आयडलिंगला की रेस देताना, लिव्हर सोडलेला, अर्धा की पूर्ण दाबलेला, हे जॉब कार्डावर लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात ही लिव्हरची चाचणी चालू इंजिनावर, मुद्दाम एक झिजलेले बुश आणि एक खराब रिलीज बेअरिंग बसवून, प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवावी, असे आम्हाला कळकळीने वाटते. पुस्तकातल्या आकृतीवरून हे आवाज ओळखता येत नाहीत.

आवाज अचानक मोठा झाला, त्यात धातूवर धातू आपटल्यासारखा खणखणाट आला किंवा किक मध्येच अडकू लागली, तर गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका. सुटलेला नट किंवा तुटलेली प्रायमरी चेन केसमध्ये अडकली तर मागचे चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकते. त्या दिवशी टेम्पो करून आणा.

आपले,
जुन्या दुचाकींची दुरुस्ती करणारे काही वाचक, कोल्हापूर