दिवाळीला येत नाहीये, पण…

ती. बाबा आणि आई,

तिकीट बदललं. दिवाळीऐवजी फेब्रुवारीत येते. फोन केला असता तर आईचा आवाज ऐकून परत दिवाळीचंच काढलं असतं, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमचा जन्म वीज बोर्डात गेला, तुम्हाला पटेल. इथे कॅनडात, विनिपेगला आमच्या घराची वीज जमिनीखालून येते. केबल पाईपातून भिंतीवर चढते आणि मीटरच्या सॉकेटात, म्हणजे मीटर ज्यात बसतं त्या पेटीत शिरते. माती चिकण, पाणी धरणारी. थंडीत गोठून फुगते आणि पाईप वर रेटते, बर्फ वितळला की बसते आणि खाली ओढते. या ओढाताणीत सॉकेट भिंतीपासून सुटलंय, आतल्या तारा ताणल्यात. मायक्रोवेव्ह लावला की स्वयंपाकघरातला दिवा मंद होतो आणि जिन्यातला भगभगतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार ढिली, बरोबर ना?

मीटर कंपनीचं, सॉकेट मात्र आपलं. म्हणजे खर्च आपला, परवानगी आपण काढायची, आणि वीज तोडायला-जोडायला कंपनीची वाट बघायची. तारीख मिळाली ती नेमकी धनत्रयोदशीच्या आठवड्यातली. ती सोडली तर जमीन गोठेल, मग खणणं महाकठीण. उणे तीसमध्ये वीज गेली तर घर तापवणारा गॅसचा फर्नेसही बंद, कारण त्याचा पंखा विजेवर. मग पाणी गोठून नळ फुटतात. आता पाईपला सरकता सांधा बसेल, केबलला आत ढील राहील. माती हलली तरी सॉकेटला ओढ नाही. एवढं झालं की भर थंडीत घर बंद करून यायचा धीर होईल.

आई, त्या दिवशी मी शेजारच्या मैत्रिणीकडे आहे, गरम वरणभात मिळेल. आणि मी कशालाही हात लावणार नाही. मेन बंद केला तरी मीटरपर्यंत वीज असतेच, हे बाबांनी जेवताना इतक्यांदा सांगितलंय! पावसात ते फॉल्टवर गेले की तू भाकरी झाकून ठेवायचीस आणि मी तुझ्या मांडीवर झोपेचं सोंग घ्यायचे. तशी काळजी आता तुम्ही करत बसू नका.

बाबा, आकाशकंदील लावायला स्टुलावर चढायचं नाही. समोरच्या मुलाला हाक मारा. आपल्या मीटरपेटीवर पाणी ठिबकतं ना, वायरमनला बोलवा, स्वतः उघडू नका. रिटायर झालात तुम्ही! बीपीची गोळी सणातही घ्यायची असते.

आई, करंज्या विकत आण, तुझ्या गुडघ्यांना ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं सोसत नाही. चकलीची भाजणी तेवढी डब्यात राखून ठेव. मी आले की तळू.

तुमची,
बाळी