मॅडम, त्या खुर्चीसाठी

सरकारी दवाखान्यात आहाराचा सल्ला देणाऱ्या मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. सरकारी नोकरीत चांगल्या कामासाठी नाव पुढे आलं तरी माणसाला त्रास होतो, हे मला माहीत आहे. पण तुमच्या वाचनात हे आलं तर तुम्ही मला ओळखाल. नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करणारी, गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारी, गळ्यातला टेप काढायचा विसरून तशीच दवाखान्यात आलेली ती बाई मी. बाहेर रांग होती, तुम्हाला घाई होती, आणि मला त्या वेळी धड बोलता आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर बोलते.

आधी काय झालं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही काय केलंत ते बाकीच्यांना कळायचं नाही. वर्षानुवर्षं मशीनवर बसून माझं वजन वाढत गेलं. गेल्या वर्षी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) रिपोर्ट 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, अजून मागे फिरता येतं, हे मला तुम्ही सांगितलंत. ज्यांनी रिपोर्ट हातात दिला त्यांनी मान वर न करता फक्त “तोंड आवरा” म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला. “वजन कमी करा” तर शेजारणीपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनीच सांगितलं. कसं करायचं, ते कोणी सांगेना.

मग एका वजन कमी करण्याच्या सेंटरमध्ये गेले. भिंतभर आधीचे आणि नंतरचे फोटो, महिन्यात दहा किलोची गॅरंटी. काट्यावर उभं केलं आणि काउंटरवरच्या मुलीने माझा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारला, मंडईत पोतं तोलल्यासारखा. दोन वेळचं जेवण बंद करून त्याऐवजी पावडरचा डबा, आणि डबा त्यांच्याकडूनच घ्यायचा. पैसे भरायला उठले तर हातांची प्लास्टिकची खुर्ची माझ्यासोबतच वर आली. लोक हसले. हसू द्या, लोक हसतातच. पण ज्यांच्याकडे जाड माणसं मदत मागायला येतात, ज्यांचं पोटच त्यावर चालतं, तेही हसले. ते मी विसरणार नाही.

मोबाईलवर पाहावं तर आणखी गोंधळ. एक जण म्हणे भात विष आहे, दुसरी म्हणे फक्त फळं खा, तिसरा किन्वा आणि अवाकाडो घेऊन बसलेला. आमच्या बुधवार बाजारात अंबाडी मिळते, पालक मिळतो, हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात. त्यांचं नाव कोणी घेईना.

अशा सगळ्यानंतर तुमच्याकडे आले तेव्हा मी दारातच उभी होते. टेबलासमोरची खुर्ची तशीच होती, प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना हात असलेली. “उभीच ठीक आहे,” मी म्हटलं. तुम्ही एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठलात, तुमची स्वतःची रुंद, बिनहातांची खुर्ची टेबलाला वळसा घालून माझ्यापुढे आणून ठेवलीत आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसलात. कारण सांगितलं नाही, “बसा, बसा, लाजू नका” नाही, दयेने मान हलवणं नाही. बसल्या बसल्या पेनाचं टोपण काढलंत आणि विचारलंत, “काकू, काल रात्री घरी काय शिजलं होतं?”

मॅडम, एवढ्यानेच मला रडू आलं होतं. तुम्हाला दिसलं असेल तर तुम्ही ते न दिसल्यासारखं केलंत, त्याचेही आभार.

त्या खुर्चीत बसल्यावर मला ऐकू यायला लागलं, असं मी म्हणेन. माणूस कसाबसा टेकलेला असला, सगळं लक्ष आपल्या अंगाच्या रुंदीकडे लागलेलं असलं, की समोरचा लाखमोलाचं बोलला तरी डोक्यात शिरत नाही. तुम्ही मला आधी नीट बसू दिलंत आणि मग बोललात.

माझ्या गळ्यातला टेप पाहून म्हणालात, “हाच द्या.” रोज लोकांची मापं घेणारी मी, माझं माप त्या टेपने कधी घेतलं नव्हतं. आम्ही कंबर घेतो ती परकराची नाडी बसते तिथे. तुम्ही टेप वर सरकवलात, शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, आणि श्वास सोडायला सांगितलात. मग टेप उलटा करून सेंटिमीटरची बाजू दाखवलीत. बाईची कंबर 80 च्या वर आणि पुरुषाची 90 च्या वर गेली की जपायला लागायचं. 80 म्हणजे साडेएकतीस इंच. उंची-वजनाच्या हिशोबात (BMI) बाहेरच्या देशांत 25 च्या पुढे जास्त वजन आणि 30 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आपल्यासाठी तेच 23 आणि 25, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर आधी साठते आणि कमी वजनातही साखर वाढवते. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हा माझ्या चारित्र्याचा प्रश्न नाही. शरीराचा आहे, आणि शरीराचं काहीतरी करता येतं.

त्यानंतर तुम्ही कपाटातून ते जाड पुस्तक काढलंत, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं. 2017 सालचे भारतीय अन्नघटकांचे तक्ते, 528 खाद्यपदार्थ प्रयोगशाळेत तपासून लिहिलेले. त्यात बोट ठेवून तुम्ही मला ज्वारी दाखवलीत. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे 10 ग्रॅम तंतू. त्याच तक्त्यात पांढऱ्या तांदळाचे तंतू 3 ग्रॅमच्याही आत. माझ्या आईची ज्वारी त्या पुस्तकात छापलेली होती. तिने जन्मभर भाकरी थापली आणि आम्ही शहरात येऊन ती गरिबाची म्हणून सोडली. मला त्या ओळीवरून बोट उचलवत नव्हतं.

त्याच संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी काढलेल्या आहाराच्या सूचनांतलं ताटही तुम्ही काढून दाखवलंत, केसपेपरच्या मागच्या बाजूला. अर्धं ताट भाज्या आणि फळं. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाला 400 ग्रॅम भाजी, आणि तेल फक्त 27 ग्रॅम. मी म्हटलं, ग्रॅम कोण मोजणार? तुम्ही विचारलंत, घरात माणसं किती? चार. तेल महिन्याला किती लागतं? पाच लिटरचा कॅन, वर एक-दोन पाकिटं. तुम्ही तिथेच हिशोब मांडलात. चौघांचं महिन्याचं तेल साधारण साडेतीन लिटर व्हायला हवं, म्हणजे पाच लिटरचा कॅन जवळजवळ दीड महिना पुरला पाहिजे. मला काहीच मोजावं लागलं नाही. कॅनवर खडूने तारीख लिहिते, बस.

मी तर्री पोह्यांचं, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांचं, विचारताना घाबरत होते. नागपूरच्या माणसाला पोहे बंद म्हणणारा डाएट दोन आठवडे टिकत नाही. “खा ना,” तुम्ही म्हणालात, “चणे दोन चमचे जास्त टाकायला सांगा, तर्री वरवरची घेऊ नका.” पाटोडी रस्सा महिन्यातून एकदा, सोल्यांची म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी हवी तितकी, वरणात पालक नाहीतर चुका. मी घरी येऊन सुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, हे तर आपलंच जेवण आहे.” होतंच आपलं.

त्या पावडरच्या डब्याचं मीच काढलं. तुम्ही सेंटरचं नाव विचारलं नाही, कोणाला शिव्या घातल्या नाहीत. एवढंच म्हणालात की आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित, शरीर कमवायला प्रथिनांच्या पावडरी घेऊ नका असं त्या सूचनांतच लिहिलं आहे, आणि जो सल्ला देतो तोच डबा विकत असेल तर सल्ला दोनदा तपासायचा. हे मी आता दुकानात कापड टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. गळ्यात टेप असतोच, मागितलं तर मापही घेऊन देते, खरं माप, पडद्यामागे, हळू आवाजात.

चालण्याचं तर तुम्ही किती सोपं केलंत! आठवड्याला दीडशे मिनिटं ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात म्हणालात, आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की उन्हं चढायच्या आधी उरकायचं. गांधीसागर तलावाच्या काठाने जाते. बाक आले की बसते, परत उठते. स्टुलावरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, हा तुमचा दुसरा व्यायाम मशीनजवळच होतो. गुडघ्यांना आधार देणारे मांडीचे स्नायू त्याने बळकट होतात हे मला आता अंगाने कळतंय. वजन उतरतंय, सावकाश. माझ्याच ब्लाउजच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी मी आत घेतल्या. ते काम मी दुकानात बसून, गिऱ्हाईकांसमोर केलं.

गांधीसागरला सकाळी काही म्हातारी माणसं भेटतात. मी मागे पडले की त्यांच्यातले एक आजोबा चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून थांबतात. रोज कसा बरं खडा जाईल? असे लोक या शहरात आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुठे काही छापून येत नाही. आमच्या गल्लीतला भाजीवाला माझ्यासाठी अंबाडीची जुडी बाजूला काढून ठेवतो. पूर्वी मला वाटायचं की मदत करायला पैसा नाहीतर मोठं पद लागतं. या लोकांकडे यातलं काही नाही. समोरच्याला कुठे टोचत असेल ते त्यांना न सांगता दिसतं, आणि दिसल्याचा ते गवगवा करत नाहीत. ज्यांच्या भिंतीवर सर्टिफिकिटं टांगलेली होती त्यांना ते दिसलं नाही, याचा राग माझ्या मनात आहे आणि तो लगेच जाईल असं वाटत नाही.

एक विनंती मात्र सगळ्या दवाखान्यांना, लॅबवाल्यांना, बँकांनाही. दर खोलीत एक तरी मजबूत, बिनहातांची खुर्ची ठेवा, आणि वजनकाटा आडोशाला लावा. फार खर्च नाही. जाड माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो तेव्हा त्याला आजाराची भीती असतेच, पण अनेकदा त्याहून मोठी भीती त्या प्रतीक्षेच्या खोलीची असते. मी कितीतरी बायका ओळखते ज्या शुगर तपासायलाच जात नाहीत, एवढ्यासाठी. त्यांच्यातल्या दोघींना पुढच्या वेळी तुमच्याकडे सोबत घेऊन येते आहे. तुम्ही कशा वागता ते त्यांना सांगितलं आहे, म्हणून त्या तयार झाल्या.

येताना जवसाची चटणी आणेन. तुम्ही रुग्णांकडून काही घेत नाही हे शिपाई दादांनी सांगितलं, पण ही वाटीभरच असेल, आणि त्या दोघींनी मिळून कुटलेली आहे.

तुमची,
महालातली काकू