धुकं तडकलं

प्रिय अव्या,

इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय तेही काम पडलं म्हणून, असं म्हणशील. म्हण. तब्येत बरी आहे, मान अधूनमधून धरते, खांद्याचं जुनंच चालू आहे. तुझं सगळं नंदूकडून कळत असतं. बढतीबद्दल अभिनंदन.

तर धुकं तडकलं.

मंगळवारी सकाळी एका बाईंची मेल आली. धुक्याच्या मालिकेतलं 4 नंबरचं चित्र त्यांच्याकडे आहे. चौकटीच्या लाकडावर मागे पेन्सिलनं नाव, साल, माप नि मेलचा पत्ता लिहायची सवय तूच लावलीस, त्यावरून त्यांनी मला शोधलं. सोबत चार फोटो. खाली लिहिलंय, ‘‘आमच्याकडून काही चूक झाली का? आम्ही ते उन्हात लावलेलं नाही.’’ अरे, बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर द्यायला मला येतं.

फोटो मोठा करून बघितला. 36 बाय 48 इंचांचा कॅनव्हास. डावीकडे वर, जिथे झाडं विरत जातात तिथे, केसासारख्या बारीक रेघा. सुरुवातीला वाटलं, फोटोचाच दोष. मग खालचा कोपरा पाहिला. नखाएवढा पोपडा सुटलाय, कडा वर वळल्यात, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या. त्याच्याखाली कोरं प्रायमर, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेला लेप, दिसतंय. म्हणजे वरचा थर नव्हे, रंगाचा तळच सुटला. हे ऊन नाही, ओल नाही, त्यांची मोलकरीणही नाही. हे मी केलंय.

झिंक व्हाइट. जस्ताचा पांढरा. हसू नकोस.

तू स्टूलवर बसून म्हणाला होतास, ‘‘तळाला झिंक नको दिगू, ठिसूळ होतं.’’ आणि मी तुला ऐकवलं की ज्यानं ब्रश खाली ठेवून पगार धरला त्यानं मला पांढरा रंग शिकवू नये. ते वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं, तुला तर आठवत असणारच. मला ती थंड, किंचित पारदर्शक झाक हवी होती. टायटेनियमचा पांढरा घेतला की धुक्याचा चुना होतो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं आणि आजही वाटतं, हाच तर वांधा आहे. दिसायला मी बरोबर होतो.

गेले तीन दिवस वाचतोय. झिंक ऑक्साइड तेलातल्या आम्लांशी जुळून जस्ताचे साबण बनवतं, आणि काही वर्षांतच तो थर काचेसारखा कडक होतो. कॅनव्हास मात्र हवेतल्या दमटपणाबरोबर ताणत-सैलावत राहतो. वरचा हलत नाही, खालचा थांबत नाही. ताठ लाकडी फळीवर रंगवलं असतं तर कदाचित निभावलं असतं. गंमत म्हणजे टायटेनियम म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ ट्यूबांतही झिंक मिसळलेलं असतं. काल सगळ्या ट्यूबा जमिनीवर ओतून पाठीमागची बारीक अक्षरं भिंगातून वाचत बसलो होतो. मंदा दारातून बघून काही न बोलता गेली.

आपल्याला सर त्या चित्रकार व्हिस्लरची गोष्ट सांगायचे ना? 1878 मध्ये कोर्टात वकिलानं विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे 200 गिनी मागता? तर तो म्हणाला, दोन दिवसांच्या कामाचे नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे. हे वाक्य मी किती गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकलंय! भाव करायला कुणी तोंड उघडलं की हेच. आता त्या बाईंना काय सांगू? तुम्ही आयुष्यभराच्या अज्ञानाचे पैसे मोजलेत म्हणून? (व्हिस्लर खटला जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. सर हा भाग गाळायचे.)

गॅलरीत फोन केला. तिथले साहेब म्हणाले, ‘‘हवामानाचा परिणाम, असं कळवून टाका. लेखी काही कबूल करू नका.’’ आणि त्याच दमात, ‘‘नवीन धुकं कधी देताय? मागणी आहे.’’ मागणी असणारच. तूच म्हणायचास की दिगूचं धुकं कुठल्याही भिंतीशी भांडत नाही, म्हणून खपतं. तेव्हा लागलं होतं. आता त्याच धुक्यावर माझं घरभाडं चालतं, त्यामुळे लागत नाही.

रिस्टोररला, चित्रं दुरुस्त करणाऱ्याला, विचारलं. पोपडे चिकटवून बसवता येतील म्हणाला, पण उरलेला रंग पुढे सुटणारच नाही याची हमी नाही. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी हसलोच. त्या चित्राच्या विक्रीतून माझ्या हाती जेवढं आलं होतं, जवळजवळ तेवढाच. निम्मं गॅलरीनं कमिशन म्हणून घेतलं होतं, ते निम्मं मात्र धुक्याबाहेर सुखरूप आहे. माझं निम्मं तर तेव्हाच गेलं, फ्रेमवाल्याला आणि थकलेल्या भाड्याला.

तुला वाटत असेल मी दिवसभर रंगवतो. आठवड्यातले दोन दिवस मिळाले तरी नशीब. बाकी मेल, चित्रांचे फोटो, कोपऱ्यांना पुठ्ठे लावून पॅकिंग, आणि ‘पुढच्या आठवड्यात पैसे सोडतो’ म्हणणाऱ्यांच्या मागे लागणं. 2018 साली तर तीन महिन्यांत धुक्याची बारा चित्रं काढली. खालचा थर बोटाला लागत नाही एवढं बघायचं आणि वर चढायचं. प्रदर्शनाची तारीख छापून गेलेली. शेवटचं वॉर्निश द्यायला सहा महिने ते वर्षभर थांबायचं असतं हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि स्वतः ओल्यासारखीच चित्रं भिंतीवर टांगली होती.

खरी झोप उडवलीय ती त्या बारांनी. सगळ्यांना तळ तोच, ट्यूब तीच. सात गॅलरीनं विकली, आणि कुणाला विकली ते गॅलरी सांगत नाही, गिऱ्हाईक त्यांचं असतं. त्या बाईंनीही लाकूड उलटून पाहिलं म्हणून, नाहीतर मला कळलंही नसतं. चार मी स्वतः विकली, त्यांचे पत्ते वहीत आहेत. त्या चौघांना लिहायचं का? ज्यांना अजून काही दिसलेलं नाही त्यांना जाऊन सांगायचं, की बघत राहा, तडकेल? मंदा म्हणते गप्प बस. नंदू म्हणतो वकिलाला विचार. लिओनार्दोनं ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर प्रयोग केला, आणि त्याच्या हयातीतच त्या ‘लास्ट सपर’च्या चित्राचे पोपडे निघायला लागले. संगत म्हटली तर उत्तम आहे. फक्त त्याच्या भिंतीचे फोटो काढून त्याला कुणी पाठवले नाहीत.

बाईंना काल रात्री उत्तर पाठवलं. तुमची काही चूक नाही, रंग मी चुकीचा वापरला, दुरुस्तीचा खर्च माझा, हप्त्यांनी देईन, असं लिहिलं. पाठवल्यावर हातपाय गार पडले. गॅलरीला कळलं तर पुढचं प्रदर्शन गेलं समज. वहीतल्या चौघांचं अजून ठरत नाही.

सात आणि चार अकरा होतात हे तुझ्या लक्षात आलं असेलच. हिशेब तुझा पहिल्यापासून पक्का.

9 नंबरचं तुझ्याकडे आहे. त्या भांडणानंतर तू नव्या घरात राहायला गेलास तेव्हा पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो होतो, तीन फाडल्या, शेवटी नुसतंच चित्र पाठवलं. म्हणजे ज्या रंगावरून तुला बोललो, त्याच रंगात तुझी माफी मागितली. तुला तेव्हा कळलं होतं का? पोचल्याचंही कळवलं नव्हतंस, म्हणून विचारतो.

एक कर. रात्री खोलीतले दिवे मालव आणि टॉर्च चित्राला अगदी कडेने, भिंतीला घासून धर. समोरून मारलास तर काही दिसणार नाही. आधी वरचा डावा भाग बघ, मग खालचे कोपरे. कडा उचललेली दिसली तर बोट लावू नकोस, पुसायला तर मुळीच जाऊ नकोस, भिंतीवरून उतरवून सपाट आडवं ठेव, रंगाची बाजू वर. आणि मला फोटो पाठव. काही नसलं तरी पाठव.

मुलीची परीक्षा कशी झाली? वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू

ता.क. ते तू फेकून दिलं असशील किंवा माळ्यावर टाकलं असशील, तर तसंही कळव. माझं एक कमी होईल.